एकशे चौदावं पान

"हौसा, हात का थांबला?" मेहबूबभाईंनी टेबलाच्या पलीकडून विचारलं.

माझा हात खरंच थांबला होता. डाव्या हातात अर्धा मोडलेला फर्मा होता, उजव्या हातात हाडाची पट्टी. भाईंच्या बाइंडिंगच्या दुकानात छापखान्यातून मोठा कागद यायचा, एका कागदावर सोळा पानं छापलेली. त्याला फर्मा म्हणतात. त्याच्या तीन घड्या घालायच्या आणि प्रत्येक घडीवरून पट्टी फिरवायची. हे काम मी पंधराव्या वर्षापासून करत होते. त्यासाठी वाचता येण्याची गरज नसते, पानांचे आकडे कळले की झालं. इंग्रजी आकडे मला बापाने शिकवले होते. अक्षरं मात्र मी शेचाळिसाव्या वर्षी शिकले, नगरपालिकेच्या शाळेत संध्याकाळी भरणाऱ्या बायकांच्या वर्गात. तेव्हापासून एक खोड लागली होती. घडी घालताना डोळा ओळीवर जायचा.

त्या दिवशी तो एका नावावर जाऊन अडकला.

"भाई, ह्यात माझ्या बापाचं नाव हाय."

"तुझ्या बापाचं? हा तर ठोसर सरांचा गौरवग्रंथ. एकसष्टीचा." भाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "वाच बघू."

मी बोट ठेवून वाचलं. प्राध्यापक नरहर ठोसरांनी स्वतःच लेख लिहिला होता, 'थॉर्नबी आणि मी' नावाचा. थॉर्नबी हा कुणी विलायतेतला माणूस. निबंध लिहायचा, कविता करायचा, तिकडच्या विद्यापीठात शिकवायचा. त्याचं सगळं लिखाण सात खंडांत छापलेलं होतं आणि जिल्ह्यात ते सात खंड फक्त आमच्या गावच्या कॉलेजात होते. ठोसरांनी त्यावरच डॉक्टरकी मिळवली होती. लेखात लिहिलं होतं: 'पाचव्या खंडातील पृष्ठे एकशे चौदा व एकशे पंधरा ही दौलू नामक एका अडाणी बाइंडराने गहाळ केली. त्याने तशी लेखी कबुलीही दिली. एका अंगठाछाप इसमाच्या बेफिकिरीमुळे थॉर्नबीच्या चिंतनाच्या गाभ्याला आपण कायमचे मुकलो.'

"अंगठाछाप," मी परत वाचलं.

भाईंनी चष्मा परत कपाळावर चढवला. त्यांनी माझ्या बापाच्या हाताखालीच काम शिकलेलं होतं.

"तीस वर्षं हा माणूस त्या दोन पानांवर भाषणं देतोय," ते म्हणाले. "मी एकदा ऐकलंय. त्या पानांत काय असेल, यावर दीड तास. लोक रडत होते."

"आणि माझा बाप?"

"फर्मा मोड, हौसा. आठ दिवसांत ग्रंथ द्यायचाय."

मी फर्मा मोडला.

माझा बाप दौलत जीनगर. कॉलेजच्या ग्रंथालयात बाइंडर होता. एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात त्याने तीनशे पुस्तकं बांधली, मी हाताशी होते. जून महिन्यात त्याला प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं. तिथे ठोसर होते, तेव्हा एकतीस वर्षांचे, नवे. दोन पानं गेली म्हणाले, एकशे चौदा आणि एकशे पंधरा. पुस्तकाचं नाव इंग्रजीत सांगितलं, ते बापाला कळलं नाही. पुस्तक त्याला दाखवलंही नाही. तीनशे पुस्तकांतलं कुठलं, हे त्याला कसं कळणार? तो म्हणाला, "माझ्या हातनं गेलं आसंल तर माफी असावी." एक कागद पुढे आला. माफीचा अर्ज आहे, अंगठा लाव, असं सांगितलं. तो कबुलीजबाब होता. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. कबुली देऊन बसलेल्या बाइंडरला गावात दुसऱ्या कुणी पुस्तक दिलं नाही.

मग बाप घरी बसला आणि शोधू लागला. पुस्तकांच्या कडा कापल्यावर जे कातरण पडतं, त्याची पोती आम्ही बंबाला जळण म्हणून घरी आणायचो. त्यातलं एक पोतं उरलं होतं. तो ते रोज सकाळी अंगणात ओतायचा, एकेक चिटोरा उचलून आकडा बघायचा आणि परत भरून ठेवायचा. आई म्हणायची, "आवं, कालच बघितलं की समदं." तो म्हणायचा, "एकादं चिकटून राहतंय." दोन वर्षं असं चाललं. बावन्नाव्या वर्षी तो गेला. पोतं आईने जाळू दिलं नाही, आणि आई गेल्यावर मीही जाळलं नाही.

गौरवग्रंथाचे फर्मे शिवून झाले त्या दिवशी कॉलेजचा शिपाई हातगाडीवरून थॉर्नबीचे सात खंड घेऊन आला. समारंभात मखमलीवर मांडायचे होते. कातडं पुसून, पाठ चकचकीत करून द्या, अशी चिठ्ठी होती. एरवी ते खंड ठोसरांच्या विभागातल्या काचेच्या कपाटात असत आणि किल्ली त्यांच्या जानव्याला.

"भाई, हे मी करते," मी म्हणाले.

"कर. पण पान फाटलं तर आता माझा अंगठा घेतील."

पाचवा खंड मी सगळ्यांत आधी घेतला. पाठीवरचं कातडं बापाच्या हातचं होतं. कोपरा वळवायची त्याची एक रीत होती, नख लावून दुमडायचा. मी तिथे नख लावलं, बरोबर बसलं. मग अंगठ्याने पानांची कड चाचपली, कुठलंही पुस्तक हातात आलं की चाचपते तशी. आणि अंगठा तिथेच राहिला.

मी पुस्तक उघडलं. एकशे तेरा काढलं. पान उलटलं. एकशे सोळा. परत मागे आले, पानाच्या वरच्या बाजूने आत डोकावले. मग पुस्तक मिटलं आणि बाकीचे सहा खंडही चाचपले.

"काय गं?" भाईंनी विचारलं.

"काय न्हाई. कातडं चांगलं राखलंय."

समारंभ रविवारी संध्याकाळी पाच वाजता होता. सहा खंड शिपायाने शनिवारीच नेले. पाचव्याची खळ वाळायची आहे, असं मी सांगितलं आणि रविवारी सकाळी तो फडक्यात गुंडाळून ठोसरांच्या बंगल्यावर गेले.

ते व्हरांड्यात बसले होते, शेजारी इस्त्रीवाला त्यांच्या धोतराला इस्त्री करत होता. "कोण आपण?"

"बाइंडिंगवाली, सर. हौसा. खंड आणलाय."

"इथे कशाला? हॉलवर द्यायचा."

"त्या दोन पानांचं सांगायचं होतं. एकशे चौदाचं."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. आत बोलावलं. खोलीत चारी भिंतींना पुस्तकं होती, आणि एका खुर्चीवर घडी घातलेल्या शालींची चळत. मी फडकं सोडलं, एकशे तेरावं पान काढून त्यांच्या पुढ्यात धरलं.

"दोन बोटांत धरा, सर."

त्यांनी धरलं.

"जाड लागतंय?"

"म्हणजे?"

"हे एक पान न्हाई. दोन हायेत. बाहेरच्या कडेला घडी तशीच हाय. पानं आत हायेत." मी कमरेची हाडाची पट्टी काढली, घडीत सरकवली आणि खाली ओढली. कागद कापला जाताना बारीक आवाज येतो. त्या खोलीत तो फार मोठा वाटला. "हे एकशे चौदा. हे एकशे पंधरा."

ठोसर वाचू लागले. वाचताना ओठ हलत होते. दुसऱ्या पानाच्या मध्यावर आले तेव्हा त्यांचा चेहरा विचित्र झाला.

"काय लिवलंय, सर?"

"दाढ," ते म्हणाले.

"काय?"

"त्याची दाढ दुखत होती. दोन पानं दाढेबद्दल आहेत. लवंगेचं तेल... आणि घरमालकिणीने दिलेला शेक." त्यांनी चष्मा काढला. "बाई, हे तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"कुणाला न्हाई. दौलत जीनगर माझा बाप."

बाहेर इस्त्रीवाला सिनेमाच्या गाण्यावर शीळ घालत होता. ठोसर उठले, दार लावलं आणि परत आले. कडी लागली का, ते आणखी एकदा जाऊन बघून आले. खोटं कशाला सांगू, मला ते बघून बरं वाटलं.

"मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "अशी पुस्तकं असतात हे मला ठाऊक नव्हतं. देवाशपथ."

"बापाला ठाऊक होतं, पण पानं गेली ती ह्याच पुस्तकातली, हे त्याला कुणी दाखवलं न्हाई. तवाचे ग्रंथपाल केळकर मास्तर बोलले होते, 'दौलतराव, वर सोनेरी कड आहे, पुस्तकाला कापायचं यंत्र लावू नका.' म्हणून त्यानं कड कापली न्हाई. आणि घडी उघडणं बाइंडराचं काम न्हवं. बाप म्हणायचा, पान उघडायचा मान पहिल्या वाचणाऱ्याचा."

"केळकरांनी सांगितलं का नाही मग?"

"ते त्याच उन्हाळ्यात वारले, सर."

ठोसरांनी चष्मा परत लावला. मग त्यांचा आवाज बदलला. व्याख्यानात असतो तसा झाला. "हौसाबाई, अन्याय झाला आहे. मोठा अन्याय. आज संध्याकाळी मी स्वतः व्यासपीठावरून सांगेन. तुमच्या वडिलांचं नाव घेईन. त्यांची क्षमा मागेन. शब्द देतो."

"चार लोकांत?"

"हजार लोकांत. पण तोवर तुम्ही कुठे बोलू नका. माझ्या तोंडूनच जाऊ दे." त्यांची नजर खुर्चीकडे गेली. "एक शाल घेऊन जा. पुष्कळ आहेत."

"शाल नको. पुस्तक ठेवून जाते. बघा नीट."

"पाहिलं की."

"दिवस हाय अजून. नऊ वाजलेत. सगळं नीट बघून घ्या, सर," मी दारातून परत एकदा म्हणाले.

दुपारी भाईंना मी एवढंच सांगितलं, की सर बापाचं नाव घेणार आहेत. भाईंनी नवा सदरा घातला. मी आईचं इरकल नेसले. हॉल गच्च भरला होता. पुण्याहून एक मोठे प्राध्यापक पाहुणे म्हणून आले होते. सात खंड मखमलीवर मांडले होते, पाचवा मध्यभागी. आम्हाला दुसऱ्या रांगेत बसवलं, कारण आभाराच्या वेळी बांधणी करणाऱ्यांना नारळ द्यायचा होता.

ठोसर बोलायला उभे राहिले. पाचवा खंड त्यांच्या हातात होता.

"ज्या दोन पानांनी तीस वर्षं माझी झोप उडवली," ते म्हणाले आणि थांबले. "ती दोन पानं, मित्रहो, आज सकाळी माझ्या अभ्यासिकेत मला सापडली."

टाळ्यांचा एवढा कडकडाट झाला, की भाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

ठोसरांनी पुस्तक उंच धरलं. विलायतेत पूर्वी घडी न कापता पुस्तकं कशी यायची, हे त्यांनी समजावून सांगितलं. पान जाड लागलं तेव्हा आपल्याला शंका कशी आली, हे सांगितलं. मग दाढ आली. दाढ ही दाढ नव्हे, म्हणाले. एका संबंध संस्कृतीचं ते आतलं ठणकणं आहे, आणि लवंगेचं तेल म्हणजे पूर्वेकडून आलेलं ज्ञान. पुण्याचे पाहुणे मान डोलवत होते.

"आता नाव घेतील," भाई कुजबुजले.

"आणि आपलं दुर्दैव पाहा," ठोसर म्हणाले. "पुस्तक एका अडाण्याच्या हाती गेलं. घडी उघडायची असते एवढीही अक्कल नसलेल्या माणसाने ते तसंच बांधून टाकलं! तीस वर्षं तो खजिना त्याने बंद करून ठेवला."

लोक हसले. भाईंचा हात माझ्या हातावरून निघाला.

"हौसा," ते म्हणाले, "चल घरी."

"नारळ घ्यायचाय, भाई."

सूत्रसंचालकाने आमची नावं पुकारली. आधी भाईंना नारळ दिला. मग मी व्यासपीठावर गेले. ठोसरांनीच नारळ पुढे केला. त्यांचे डोळे मला विनवत होते, की धमकावत होते, मला आजही सांगता येणार नाही. मी नारळ घेतला नाही. माइक त्यांच्या पुढ्यातच होता.

"नारळ नको," मी म्हणाले. "सरांनी पुढचं पान वाचून दाखवावं."

लोकांना गंमत वाटली. "वा बाई!" कुणीतरी म्हणालं.

"आता वेळ फार झाला आहे," ठोसर म्हणाले.

"एकच पान, सर. पुस्तक हातातच हाय तुमच्या. एकशे चौदा वाचलं, पंधरा वाचलं. सोळा आणि सतरा समोरच हायेत. आता एकशे अठरा काढा."

पुण्याचे पाहुणे हसून म्हणाले, "काढा हो ठोसर, बाईंचा आग्रह मोडू नका."

ठोसरांनी पान उलटलं. मी त्यांच्या अगदी शेजारी उभी होते, मला आकडा दिसत होता. एकशे वीस. त्यांनी पान मागे घेतलं. एकशे सतरा. बोटाला थुंकी लावून परत उलटलं. एकशे वीस. मग आणखी एक पान उलटलं, एकशे एकवीसच्या पुढे एकशे चोवीस होतं.

त्यांना तेव्हा कळलं. कानाच्या पाळ्या आधी पांढऱ्या झाल्या.

"सापडत नाही का, सर?" मागून कुणीतरी विद्यार्थी ओरडला.

"त्यात ते सापडायचं न्हाई," मी माइकमध्ये म्हणाले. "पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अशाच घड्या हायेत. एक उघडी, एक बंद. सकाळी मी एकच कापून दाखवली. बाकीचं अर्धं पुस्तक अजून कुणी बघितलंच न्हाई. सरांनीसुद्धा."

पुढच्या रांगेतले लोक खुर्चीतून पुढे झुकून पुस्तकाकडे बघू लागले.

"एकसष्ट साली सरांनी पुस्तक मधेच एकशे तेराव्या पानावर उघडलं, पुढं एकशे सोळा दिसलं, म्हणून दोन पानं गेली म्हणाले. आणखी एक पान उलटलं असतं तर परत दोन गेलेली दिसली असती. त्याच्या पुढं आणखी दोन. मग त्यांनीच विचार केला असता, एवढी पानं एक बाइंडर कशाला न्हेईल? पण ते ना मागं गेले, ना पुढं. माझा बाप दौलत जीनगर. दोन पानांसाठी त्याची नोकरी गेली. ही शंभर घड्यांतली पानं कुणी न्हेली, ते सरांनी सांगावं."

"माइक बंद करा," ठोसर म्हणाले. पण ते माइकमध्येच म्हणाले.

पुण्याच्या पाहुण्यांनी मखमलीवरचा सहावा खंड उचलला. उघडला, एक पान उलटलं, बोटांत धरून पाहिलं आणि खाली ठेवला. मग सातवा उचलला. तेही खंड मी दुकानात चाचपलेले होते, मला त्यांच्याकडे बघायची गरज नव्हती. मी ठोसरांकडे बघत होते. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. आठ तास ते पुस्तक त्यांच्या टेबलावर पडलं होतं. मी दोनदा सांगितलं होतं. एक पान पुढे उलटलं असतं तर सुटला असता. नाव घेतलं असतं तरी सुटला असता, मी नारळ घेऊन खाली आले असते.

मी कमरेची हाडाची पट्टी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि बोटं मिटवली.

"पान उघडायचा मान वाचणाऱ्याचा, सर. माझ्या बापानं तो तुमच्यासाठी राखून ठेवला होता. बसा आता वाचायला."

खाली उतरताना कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला नको होत्या.

फाटकाबाहेर भाई पानाच्या ठेल्याशी उभे होते, नारळ हातात घेऊन. "सकाळीच सगळं सांगितलं असतंस त्याला," ते म्हणाले. "एवढी शोभा करायला नको होती, हौसा. एकसष्टी होती त्याची. अख्खं घर समोर बसलं होतं."

"माझ्या बापाची बावन्नावीच झाली, भाई."

भाईंनी नारळ एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला आणि आम्ही चालू लागलो.

ठोसरांनी पुढे कधी व्याख्यान दिलं नाही. गौरवग्रंथाच्या पाचशे प्रती कॉलेजने नेल्याच नाहीत, त्या बरीच वर्षं भाईंच्या माळ्यावर होत्या. कुणी म्हणालं, ठोसर घरी बसून थॉर्नबी वाचतात. कुणी म्हणालं, पुस्तकाला हातही लावत नाहीत. मला त्याची दया यायला हवी होती, असं मला वाचायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या. आता मी ऐंशी वर्षांची आहे. वाट पाहिली, पण अजून आलेली नाही.

समारंभाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावरून ते पोतं काढलं. अंगणात ओतलं नाही, आकडे बघितले नाहीत. मूठ मूठ करून सगळं कातरण बंबात घातलं. तीस वर्षं वाळलेला कागद, भसाभस पेटला. पाणी कढत निघालं. सुतक फिटल्यावर घेतात तसं मी ते डोक्यावरून घेतलं.